नवजात पिल्लांची निगा : एका बालरोगतज्ज्ञाचा कबुलीजबाब

उन्हाळ्याची सुटी लागली की माझ्या दवाखान्यात बाळांबरोबर आणखी एका जातीचे रुग्ण येऊ लागतात. बुटांच्या किंवा बिस्किटांच्या खोक्याला चार भोके पाडलेली असतात, आत हिरव्या-गुलाबी रंगात बुडवून काढलेली दोन-तीन कोंबडीची पिल्ले असतात आणि ते खोके छातीशी धरून आलेले सहा-सात वर्षांचे मूल विचारते, "डॉक्टरकाका, हे उठत का नाही?" आईवडिलांनी मुलाला आणलेले असते खोकल्यासाठी, पण मुलाच्या लेखी खरा रुग्ण खोक्यात असतो. पालक ओशाळून म्हणतात, "तसं काही नाही डॉक्टर, बाजारात दिसली, हट्टच धरला, घेतली." दोन दिवसांनी चौकशी केली की पिल्ले गेलेली असतात आणि मूल गप्प झालेले असते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा व्यवसायाबाहेरचा, पण समाजाच्या उपयोगाचा विषय मागितला, तेव्हा हाच विषय डोळ्यांपुढे आला. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या आपल्या सीमाभागात मराठी बोलणारे ‘पिल्लू’ म्हणोत की कानडी बोलणारे ‘कोळी मरी’ म्हणोत, परसात चार कोंबड्या असलेली घरे दोन्हीकडे सारखीच आहेत. शिवाय खोलात गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की हा विषय माझ्या व्यवसायाबाहेरचा नाहीच. एक दिवसाचे पिल्लू हेही नवजात अर्भकच आहे. त्याला ऊब, पाणी, आहार, स्वच्छता आणि लस याच पाच गोष्टी, याच क्रमाने लागतात.

माझी चूक

आधी कबुली देतो. डिसेंबर 2008 मध्ये माझी कन्या चौथीत होती. तिच्या आग्रहाखातर मी एक दिवसाची बारा पिल्ले विकत आणली. मोठे खोके, खाली वर्तमानपत्र, एका वाटीत पाणी, एका वाटीत तांदळाची कणी, वर साठ वॅटचा दिवा, अशी सिद्धता केली आणि आपण फार शास्त्रशुद्ध वागलो या समाधानात झोपलो. रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी नऊ पिल्ले खोक्याच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेल्या अवस्थेत मरून पडली होती. एक पाण्याच्या वाटीत पडून भिजले होते. ते दुपारी गेले. त्याच रात्री माझ्या रुग्णालयात चौदाशे ग्रॅम वजनाचे एक बाळ जनरेटरवर चालणाऱ्या वॉर्मरखाली सुखरूप होते. त्याच्या त्वचेचे तापमान दर तासाला टिपून ठेवण्याची शिस्त मीच परिचारिकांना लावली होती. आणि घरात मात्र तीच गोष्ट मला सुचली नव्हती.

त्या आठवड्यात नातवाला लस टोचायला एक आजी आल्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या आणि तितकीच वर्षे कोंबड्या पाळलेल्या. त्यांना मी सहज हे सांगितले. त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, पिलास्नी खायला घातलासा, पाणी ठेवलासा, पर आईची ऊब कोण देणार हुतं?" नवजात बालकांच्या शास्त्रावरील पहिल्या प्रकरणात जे लिहिलेले असते, तेच त्या माउलीने एका वाक्यात सांगितले होते.

पिल्लाला थंडी का बाधते?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सियस असते. अंड्यात एकवीस दिवस पिल्लू साडेसदतीस अंशांच्या आसपासच्या उबेत वाढते आणि मग एकाएकी आपल्या हवेत येते. त्याच्या अंगावरची लव दिसायला मऊ असली, तरी ती पिसे नव्हेत. ती ओली झाली की काहीच राखत नाही. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता झपाट्याने निघून जाते. स्वतःचे तापमान राखण्याची यंत्रणा पहिले दोन आठवडे तरी कच्ची असते. आपल्या कमी वजनाच्या बाळाचे वर्णन याहून वेगळे नाही.

हे साम्य केवळ माझ्या मनचे नाही. 1878 मध्ये पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली. अशी पेटी दिवस न भरलेल्या बाळांसाठी का असू नये, असा प्रश्न त्यांना पडला. ती पेटी बनवणारे ओदिल मार्तां यांच्याकडूनच त्यांनी बाळांसाठी पेटी करवून घेतली आणि पॅरिसच्या प्रसूतिगृहात 1880 च्या सुमारास ती वापरात आली. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. आज आपण ज्याला इन्क्युबेटर म्हणतो, त्याचा जन्म कोंबडीच्या अंड्यांपाशी झाला. आणि 1978 पासून कोलंबियातील बोगोटा शहरातून जी ‘कांगारू माता काळजी’ जगभर गेली, ती तरी काय आहे? खुडूक कोंबडीने पंखाखाली घेतलेले पिल्लूच.

विकत घेताना

शक्य असेल तर पिल्ले शासकीय किंवा खात्रीच्या अंडी उबवणी केंद्रातून घ्यावीत. आपल्याला जवळ असलेले कोल्हापूरचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र निपाणीकरांच्या परिचयाचे आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादची वनराजा या परसात वाढणाऱ्या जाती आहेत. रस्त्यावर विकली जाणारी रंगीत पिल्ले बहुधा अंडी देणाऱ्या जातींतील नर असतात. अंड्यांच्या व्यवसायाला नरांचा उपयोग नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी ते वेगळे काढले जातात आणि काही रंगवून खेळणे म्हणून विकले जातात. रंगात भिजणे, वारा लागणे, दिवसभर टोपलीत उपाशी राहणे, एवढे सोसून ते घरी येते तेव्हा निम्मे संपलेले असते. अशा पिल्लाचा मृत्यू हा मुलाच्या निष्काळजीपणाचा परिणाम नसतो, हे मुलाला आवर्जून सांगावे. खेळणे म्हणून मात्र ती विकत घेऊच नयेत.

चांगले पिल्लू डोळ्यांनी टपोरे, लव कोरडी व फुललेली, पायांवर ठाम आणि आवाजाला प्रतिसाद देणारे असते. त्याची बेंबी पाहावी. आपण नवजात बाळाची नाळ पाहतो तशीच. ती बंद व कोरडी हवी. ओली, काळपट किंवा सुजलेली असेल तर आत जंतुसंसर्ग आहे असे समजावे. मागची बाजू विष्ठेने लडबडलेली नसावी. एकटे पिल्लू घेऊ नये. निदान पाच-सहा असावीत, कारण ती एकमेकांची ऊब आणि सोबत असतात.

निसर्गाने पिल्लाला एक शिदोरी दिलेली असते. अंड्यातून बाहेर पडण्याआधी उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते साधारण दोन ते तीन दिवस तग धरू शकते. म्हणूनच पिल्लांचा लांबचा प्रवास शक्य होतो. पण ही शिदोरी उपासमारीसाठी नाही, प्रवासासाठी आहे.

पिल्ले येण्याआधीची तयारी

बाळ जन्माला आल्यावर वॉर्मर लावायला आपण धावत नाही. तो आधी तापलेला असतो. तसेच येथे. पिल्ले आणण्यापूर्वी काही तास जागा उबदार करून ठेवावी.

जागा गोल असावी. पत्रा किंवा जाड पुठ्ठा सुमारे दीड फूट उंचीचा घेऊन त्याचे कडे करावे. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात थंडीने पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. माझी नऊ तशीच गेली. प्रत्येक पिल्लामागे सुरुवातीला अर्धा चौरस फूट जागा पुरते. पुढे ती दुप्पट करावी. तळाशी दोन इंच भाताचा कोरडा तूस पसरावा. खानापूर-बेळगाव भागात त्याची वाण नाही. शेंगांची टरफलेही चालतात; मात्र कोणतीही बुरशी लागलेली वस्तू नको, कारण बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसांत जातात. निपाणी परिसरासाठी एक खास सूचना : तंबाखूची काडी अथवा बुकणा पिल्लांखाली पसरू नये. पिल्ले जे दिसेल ते टोचतात आणि निकोटीन हे विष आहे. पहिले दोन-तीन दिवस तुसावर खडबडीत कापड किंवा नालीदार कागद घालावा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर कोवळे पाय फाकतात आणि मग ते नीट होणे कठीण.

उबेचा हिशेब सोपा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सियस, म्हणजे 95 अंश फॅरनहाइट. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंश सेल्सियस कमी. साध्या दिव्याने ऊब द्यायची तर प्रत्येक पिल्लामागे दोन वॅट धरावेत. येथे आजच्या काळातील एक फसगत सांगितली पाहिजे. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या तारेचा पिवळा दिवा किंवा उष्णतेसाठीच मिळणारा दिवा लागतो. तो वायरने नव्हे, साखळीने टांगावा. तुसात पडला तर आग लागते.

तापमापक नसला तरी पिल्ले स्वतः सांगतात. दिव्याखाली गर्दी करून करुण, चढ्या आवाजात चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापत असतील तर ऊब जास्त झाली आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसरीकडून वारा येतो आहे. जागाभर पसरून, टोचत-झोपत, हलक्या आवाजात बोलत असतील तर सर्व ठीक. रडण्यावरून बाळाची गरज ओळखणाऱ्या आईला हे शिकवावे लागत नाही.

वीज गेली तर काय, याचे उत्तर आधीच तयार हवे. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवाव्यात आणि वरून घोंगडे अर्धवट झाकावे. हवा खेळती राहिली पाहिजे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना मारतो आणि त्याच घरात झोपलेल्या माणसांनाही. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीबद्दल आपण जे सांगतो, तेच येथे.

आधी पाणी, मग दाणा

पिल्लू आल्याबरोबर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात अलगद बुडवावी; आई नसल्याने पाणी काय असते हे त्याला कोणी दाखवलेले नसते. पाणी उकळून कोमट केलेले असावे. प्रवासाने थकलेल्या पिल्लांना पहिले काही तास त्यात थोडा गूळ घालावा; नंतर साधे पाणी. भांडे उथळ हवे आणि त्यात स्वच्छ गारगोट्या टाकाव्यात, म्हणजे पिल्लू आत पडून भिजत नाही. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

दोन-तीन तासांनी दाणा. पहिल्या दिवशी मक्याचा किंवा ज्वारीचा बारीक भरडा कागदावर पसरला तरी चालतो. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे. त्यात सुमारे वीस टक्के प्रथिने असतात. नुसत्या कणीवर पिल्लू जगते, पण वाढत नाही. नुसत्या पेजेवर ठेवलेल्या आपल्या बालकांसारखे. पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम खाद्य पुरते. रात्री हलक्या बोटाने गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर पिल्लू जेवले आहे. रिकामी असेल तर त्याने दाणा शोधलेला नाही. कडक असेल तर पाणी कमी पडले आहे. मागची बाजू चिकटून बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून, कोरडी करून पुन्हा उबेत सोडावे. ओढून काढू नये.

तूस ओला झाला की तेवढा भाग लगेच बदलावा. ओलसर तुसात रक्ती हगवणीचा परजीवी वाढतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांची विष्ठा रक्ताळलेली दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना गाठावे. आपल्या पावसाळ्यात या बाबतीत विशेष डोळस राहावे लागते.

लस आणि ऋण

आईचे संरक्षण पिल्लालाही मिळते. आपल्याकडे ते वारेतून येते, त्यांच्याकडे बलकातून. आईची ही प्रतिद्रव्ये काही काळ लशीच्या आड येतात, म्हणून आपण गोवराची लस नऊ महिन्यांनी देतो आणि त्यांची गंबोरोची लस सुमारे चौदाव्या दिवशी देतात. सर्वसाधारण क्रम असा : पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच मॅरेक्सची लस, पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्यात मानमोडीची पुढची मात्रा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची. अंतिम वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकांचे मानावे. लशीच्या एका बाटलीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि फोडलेली बाटली एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या सर्वांनी एकच दिवस ठरवावा. बर्फाच्या डब्यातून ती आणण्याची शिस्त पोलिओच्या मोहिमेने आपल्याला शिकवली आहेच. डॉक्टर मित्रांना विनंती, की शेजारधर्म म्हणूनही ही बाटली बाळांच्या लशींच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

वैद्यकशास्त्रावर या पक्ष्याचे ऋण मोठे आहे. पाश्चर यांना जंतू दुबळे करून लस बनवण्याचा मार्ग 1880 च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना सापडला. सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांवरून आइकमन यांना जावा बेटावर बेरीबेरीचा माग लागला. कोपनहेगनचे हेन्रिक डाम यांनी चरबीविरहित खाद्य दिलेल्या पिल्लांमध्ये रक्तस्राव पाहिला आणि त्यातून ‘के’ जीवनसत्त्व हाती आले; आज आपल्या प्रत्येक नवजात बाळाला जन्मतः जे इंजेक्शन मिळते, ते त्या पिल्लांची देणगी आहे. 1956 मध्ये ब्रूस ग्लिक यांनी दाखवले, की शेपटीजवळची ‘बर्सा’ नावाची पिशवी काढलेले पिल्लू प्रतिद्रव्ये नीट बनवू शकत नाही. ‘बी’ पेशींच्या नावातील ‘बी’ त्या बर्साचा आहे. एवढे घेतल्यावर खोक्यातल्या पिल्लाकडे पाच मिनिटे पाहणे हे काही उपकार नव्हेत.

मुलांची काळजी

आता माझ्या खऱ्या रुग्णांविषयी. निरोगी दिसणारे पिल्लूही विष्ठेतून साल्मोनेला जंतू सोडू शकते. म्हणून पाच वर्षांखालील मुलांच्या हातात पिल्लू देऊ नये. त्यांनी दुरून पाहावे. मोठ्या मुलांनी पिल्लाचा मुका घेऊ नये, गालाला लावू नये, त्याच्याजवळ बसून खाऊ नये. हात साबणाने धुण्याला पर्याय नाही. पिल्लांची जागा स्वयंपाकघरात नको आणि त्यांची भांडी घरच्या भांड्यांत नकोत. पिल्ले घरात असताना मुलाला ताप आणि जुलाब झाले, तर डॉक्टरांना पिल्लांविषयी सांगावे. आणि डॉक्टरांनीही ते विचारावे. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले, तर त्यांना हात न लावता, मुलांना दूर ठेवून पशुसंवर्धन खात्याला कळवावे. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक झाला होता, हे आपल्यापासून फार दूरचे नाही. आणि 2021 मध्ये त्याने देशात एका बालकाचा बळीही घेतला.

आणखी एक. "डॉक्टर, बाळाचं उरलेलं अँटिबायोटिक दोन थेंब पिल्लांना देऊ का?" असे मला हमखास विचारले जाते. उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. थंडीने गारठलेल्या पिल्लाला औषध नव्हे, ऊब लागते. शिवाय प्राण्यांत बेहिशेबी वापरलेल्या औषधांना सरावलेले जंतू शेवटी आपल्याच नवजात कक्षात येतात. कोलिस्टिन हे आपले अखेरचे अस्त्र अन्नासाठीच्या प्राण्यांत वापरण्यास भारतात 2019 मध्ये बंदी घालावी लागली, ती याच कारणाने.

शेवटी

पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसे आली, की दिव्याची गरज संपते. मग दिवसा परसात सोडावे आणि संध्याकाळी डालग्याखाली न ठेवता जाळीच्या भक्कम खुराड्यात घ्यावे. घार, मांजर, मुंगूस आणि घूस यांना आपल्या भूतदयेशी कर्तव्य नसते. नर निघाले आणि पहाटेच्या आरवण्याचा शेजाऱ्यांना त्रास झाला, तर काय करायचे हे घेण्याआधीच ठरवावे; रस्त्यावर सोडून देणे हा मार्ग नव्हे.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी पुन्हा बारा पिल्ले आणली. कड्याची गोल जागा, तूस, तापमापक, गरम पाण्याच्या बाटल्या, सर्व काही त्या आजींना विचारून केले. अकरा जगली. जे गेले, त्याला कन्येने परसात पुरले आणि माझ्या जुन्या केसपेपरच्या पाठीवर प्रत्येक पिल्लाचे रोजचे वजन लिहायला सुरुवात केली. पहिले अंडे आले, तेव्हा तिने ते आपण न खाता आजींच्या नातवासाठी ठेवायला सांगितले. तो मुलगा वजनात मागे आहे, हे तिने माझ्या बोलण्यातून ऐकले होते.

म्हणून डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती, की एखादे मूल खोके घेऊन आले तर हसून वाटेला लावू नका. त्याला विचारा : त्याला ऊब आहे का? पाणी प्यायले का? दाणा टिपला का? हे तीन प्रश्न ज्या मुलाला लहानपणी कळले, ते पुढे आपल्या तान्ह्या बाळाविषयीही हेच प्रश्न याच क्रमाने विचारील, अशी माझी श्रद्धा आहे.